देणगी, पावती आणि हिशेब

मे महिना संपत आला होता. पुण्यातल्या एका जुन्या पेठेत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एका संस्थेचं कार्यालय आहे. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलामुलींचं वसतिगृह ही संस्था चालवते. टेबलावर संपलेल्या पावतीपुस्तकांची चळत, शेजारी बँकेचे उतारे, संगणकावर उघडलेला लांबलचक तक्ता. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार एकेक नोंद मोठ्यानं वाचत होते आणि हिशेबाचं काम बघणाऱ्या ताई ती तक्त्यात पडताळत होत्या.

"सहाशे बारा. पाच हजार, चेक. पॅन?"

"पॅन नाही काका. रकाना कोराच आहे. फोन केला होता, उचलला नाही."

"पुन्हा करा. मुदत संपली की त्यांची सवलत अडकेल. मग मार्चचा राग जुलैत आपल्यावर निघेल."

संपादकांनी या अंकासाठी 'देणं' हा विषय सुचवला. देणाऱ्यांच्या मनाविषयी आणि संस्थांच्या कामाविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. या दोन टोकांच्या मधे काय घडतं, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. देणगीचा चेक आपल्या हातातून सुटला की तो कुठं जातो, कुणाच्या वहीत चढतो, त्यावर सरकार आपल्याला सूट का देतं आणि त्या सुटीच्या बदल्यात कोण काय मागू शकतं, हे पाहायला मी निघालो. संस्थांची कार्यालयं, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली बाकडी आणि सनदी लेखापालांची टेबलं हिंडताना एक गोष्ट मनात पक्की झाली. करसवलत ही सरकारनं देणाऱ्याला दिलेली शाबासकी नाही. ती त्या देणगीत पडलेली सगळ्या करदात्यांची भर आहे. त्यामुळे देणगीची पावती हा दोघांमधला खासगी कागद उरत नाही, तो सार्वजनिक कागद होतो.

३१ मेचा तक्ता

ताईंच्या संगणकावर उघडलेला तक्ता म्हणजे फॉर्म १० बीडी. आर्थिक वर्ष संपलं की त्या वर्षात मिळालेल्या देणग्यांचं विवरण ८० जीखाली, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणाऱ्या कलमाखाली, मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेनं ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे भरायचं असतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून हे सक्तीचं झालं. त्याआधी संस्थेनं दिलेली छापील पावती हाच पुरावा असे. पावतीवर ८० जीचा क्रमांक असला की काम भागायचं.

आता तसं भागत नाही. तक्त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम, ती रोख आली की चेकनं की ऑनलाइन, आणि ती कोणत्या प्रकारची, हे सगळं भरावं लागतं. विवरण दाखल झालं की पोर्टलवरून प्रत्येक देणगीदाराच्या नावाचं प्रमाणपत्र निघतं, ते फॉर्म १० बीई. त्यावरचा क्रमांक देणगीदारानं आपल्या विवरणपत्रात लिहायचा. संस्थेनं सांगितलेली आणि देणगीदारानं सांगितलेली रक्कम संगणक एकमेकींशी ताडून बघतो. विवरण भरायला उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क. भरलंच नाही तर १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड.

मोठ्या संस्थांकडे यासाठी माणसं असतात, सॉफ्टवेअर असतं. या वसतिगृहाकडे खजिनदार आणि ताई आहेत. त्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातात त्या क्यूआर कोडवरून आलेल्या रकमा. कुणी मुलाच्या वाढदिवसाला ५०१ रुपये पाठवतं, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला १,१०० पाठवतं. बँकेच्या उताऱ्यावर दिसतो तो नुसता एक लांबलचक क्रमांक आणि अर्धवट छापलेलं नाव. पैसे खरे, भावना खरी, पण देणारा कोण ते कळत नाही. "स्क्रीनशॉट पाठवा एवढं तरी लोकांना सांगा तुमच्या लेखातून," ताई म्हणाल्या. "नाव, पत्ता आणि पॅन. तीन ओळींचा मेसेज. आमचे आठ दिवस वाचतील."

तो निरोप मी इथं पोचवतो आहे.

पावतीवरचा देणगीच्या प्रकाराचा रकानाही नीट समजून घ्यावा असा आहे. सर्वसाधारण देणगी म्हणजे संस्थेला गरज पडेल तिथं वापरता येणारा पैसा. विशिष्ट कारणासाठीची देणगी त्याच कारणाला लावावी लागते. कायम निधी, म्हणजे कार्यालयात ज्याला सगळे 'कॉर्पस' म्हणतात, त्याचं मुद्दल बँकेतल्या ठेवी किंवा सरकारी रोख्यांसारख्या कायद्यानं ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवायचं आणि संस्थेनं व्याजावर काम चालवायचं. आपल्याकडे फार प्रिय असलेली तिथीची देणगी बहुधा याच प्रकारात मोडते. एकदा रक्कम द्यायची, दरवर्षी ठरलेल्या तिथीला वडिलांच्या नावे मुलांना जेवण. वसतिगृहाच्या भोजनगृहाबाहेर काळा फळा टांगलेला आहे. 'आजचे अन्नदाते' अशी खडूनं लिहिलेली ओळ आणि खाली एक नाव. ओळ कायमची, नाव रोज पुसून नवं.

अडचण अशी की व्याजाचे दर खाली येत गेले आणि डाळ-तेलाचे भाव चढत गेले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या रकमेच्या व्याजात आज एका पंगतीचा भातही होत नाही. संस्था तिथी मोडत नाही. तुटीचा पैसा सर्वसाधारण देणगीतून घालते. म्हणून कुठल्याही खजिनदाराला विचारा, कोणती देणगी सगळ्यात उपयोगाची? उत्तर एकच येतं. जिला अट नाही ती.

तीन कागद, तीन कामं

"आमचा ट्रस्ट रजिस्टर्ड आहे" हे वाक्य देणगी मागायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की झालं, आता करसवलत मिळणार. वास्तविक संस्थेकडे तीन निरनिराळे कागद असावे लागतात आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

पहिला कागद धर्मादाय आयुक्तांचा. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आता महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो. राज्यातलं देऊळ, शाळा चालवणारी संस्था, वाचनालय, धर्मादाय रुग्णालय, सगळी या कायद्याखाली नोंदलेली. पुण्यात ढोले पाटील रस्त्यावरच्या कार्यालयात सकाळी गेलात तर फायली छातीशी धरून बसलेली माणसं दिसतील. कुणाच्या संस्थेतले एक विश्वस्त वारले, त्यांच्या जागी नवीन घ्यायचेत, म्हणून बदल अर्ज. कुणाला संस्थेची जमीन विकायची आहे, त्यासाठी कलम ३६ खाली परवानगी. कुणाच्या संस्थेत दोन गट पडले आहेत आणि दोघेही स्वतःला खरे विश्वस्त म्हणवत आहेत. असा एक वाद सुरू झाला की बदल अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळतो, बँक खात्यावर सह्या कुणाच्या हे ठरत नाही आणि चांगली चालणारी संस्था आपोआप थांबते. कागद नुसता असून चालत नाही, तो आजचा असावा लागतो.

दुसरा कागद प्राप्तिकर विभागाचा, ज्याला बोलताना अजूनही सगळे '१२ ए' म्हणतात. याचा संबंध संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाशी. तो असेल तर देणग्या आणि व्याजावर संस्थेला कर भरावा लागत नाही. अट अशी, की वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च झाले पाहिजेत. इमारतीसारख्या कामासाठी पैसा साठवायचा असेल तर कारण आणि मुदत लेखी कळवून जास्तीत जास्त पाच वर्षं तो राखता येतो. लोकांनी दिलेला पैसा तिजोरीत निजू नये, ही या नियमामागची भूमिका.

तिसरा कागद ८० जीचा. देणाऱ्याला सवलत मिळते ती यामुळे. संस्था धर्मादाय असली तरी तिसरा कागद तिच्याकडे असेलच असं नाही. केवळ एका धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी काढलेल्या संस्थेला साधारणपणे तो मिळत नाही. धार्मिक कार्यावरचा खर्चही उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊन चालत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेल्या पैशावर सवलत मिळते ती केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ऐतिहासिक, कलात्मक किंवा सर्वदूर ख्यातीचं म्हणून जाहीर केलेल्या स्थळांसाठीच. अयोध्येच्या श्रीराम जन्मभूमी तीर्थ क्षेत्र न्यासासाठी अशी अधिसूचना २०२० मध्ये निघाली. गावच्या मारुतीच्या सभामंडपाला दिलेले पाच हजार मारुतीरायाच्या चरणी पोचतात, विवरणपत्रात मात्र त्यांना जागा नाही.

पूर्वी दुसरा आणि तिसरा कागद एकदा मिळाला की कायमचा असे. २०२१ पासून ती पद्धत गेली. नव्या संस्थेला आधी तात्पुरती मान्यता, मग पाच वर्षांची, मग पुन्हा नूतनीकरण. लहान संस्थांसाठी १२ एची मुदत दहा वर्षांवर नेण्याची तरतूद २०२५ च्या वित्त कायद्यात आली. नूतनीकरणाची तारीख हुकलेली संस्था शोधायला फार लांब जावं लागत नाही. आदिवासी पाड्यावर तीस वर्षं दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि पोर्टलवरचा अर्ज यांचं जमणं कठीण जातं. अशा संस्थेला देणगीइतकाच एखाद्या सनदी लेखापालाचा महिन्यातला एक शनिवार मोलाचा असतो.

पन्नास हजारांत कुणाचे किती

आता प्रत्यक्ष हिशेब करू. एका शिक्षिकेचं वार्षिक उत्पन्न, भविष्य निर्वाह निधी आणि विमा वगैरे वजावटी जाऊन, ७ लाख रुपये आहे. त्यांनी जुनी करप्रणाली, म्हणजे ८० जीची वजावट मिळते ती, निवडली आहे. त्या वसतिगृहाला चेकनं ५० हजार रुपये देतात.

सवलतीसाठी धरल्या जाणाऱ्या देणगीची मर्यादा या उत्पन्नाच्या १० टक्के, म्हणजे ७० हजार. पन्नास हजार त्याच्या आत बसतात. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. म्हणजे २५ हजार वजा. शिक्षिकेच्या उत्पन्नाच्या या थरावर कर २० टक्के, म्हणजे ५ हजार रुपये वाचले. त्यावरचा ४ टक्के उपकर धरून ५,२०० रुपये. त्यांनी ५० हजारांऐवजी १ लाख दिले असते तरी हिशेबात ७० हजारच धरले असते आणि वजावट ३५ हजारांची मिळाली असती. हेच ५० हजार मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला दिले असते तर पूर्ण रक्कम वजा झाली असती, १० टक्क्यांची मर्यादाही आड आली नसती आणि १०,४०० रुपये वाचले असते.

वसतिगृहाच्या खात्यात पन्नास हजार आले. त्यातले ४४,८०० शिक्षिकेचे. उरलेले ५,२०० कुणाचे? सरकारी तिजोरीत येणार होते, आले नाहीत, ते. म्हणजे माझे, तुमचे, साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या प्रत्येकाचे. वसतिगृहातल्या मुलांनी शिकावं यासाठी या देशातल्या अनोळखी माणसांनी ते घातले, आणि कुणाला द्यायचे ते ठरवण्याचा अधिकार त्या शिक्षिकेच्या हाती सोपवला. हा विश्वास मोठा आहे. म्हणूनच संस्थेला जाब विचारण्याचा हक्क देणाऱ्याच्या पलीकडेही जातो.

आपल्या राज्यात हा हक्क एका ठिकाणी अगदी थेट दिसतो, तो धर्मादाय रुग्णालयांत. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए नुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम बाजूला काढून निर्धन रुग्णांसाठी स्वतंत्र निधी उभा करायचा. करमाफी, सवलतीच्या जमिनी, देणग्या हे सगळं समाजानं दिलं, त्याची ही परतफेड आहे. ती मागायला आलेल्या गरिबाला भिकाऱ्यासारखं वागवलं जातं तेव्हा रुग्णालय समाजाचाच पैसा समाजाला नाकारत असतं. घरात कुणी आजारी पडलं आणि परिस्थिती बेताची असेल, तर उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा आणि योजनेचं नाव घेऊन खाट मागा.

मूठभर धान्य आणि कायदा

देणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैसा नंतर येतो. आधी येतो तो शिधा, जुने कपडे, पुस्तकं, ब्लँकेटं. वसतिगृहातही कुणी तांदळाचं पोतं उतरवून जातं. खजिनदार त्याचीही पावती देतात, पण त्यावर सवलत नाही. कायदा पैशातली देणगी मानतो, वस्तू मानत नाही. रोख रकमेवरही बंधन आहे. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही. पूर्वी ही मर्यादा १० हजार होती, २०१७-१८ पासून ती खाली आणली. चेक, यूपीआय, बँक हस्तांतर चालतं.

कारण उघड आहे. पोत्यातल्या तांदळाची किंमत कोण ठरवणार? जुन्या कोटाची किंमत दोनशे की दोन हजार? हिशेब तपासता यावा म्हणून कायद्यानं ही वाट बंद केली. पण महाराष्ट्रातलं शिक्षण नेमकं याच वाटेनं उभं राहिलं आहे, हे विसरून चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी मुष्टिफंड चालवला. घरोघरच्या बायांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलं उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही मोडलं. त्या मुठीला कुठलीही सवलत नव्हती आणि कुणी ती मागितलीही नाही.

त्याच काळात दुसऱ्या टोकाचं दानही झालं. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. एका देणगीनं विद्यापीठाची बैठक पक्की केली. मूठ आणि लाख, दोन्ही लागतात. मोठ्या देणगीनं इमारत उभी राहते, आणि रोजची चूल लहान, सातत्यानं येणाऱ्या देणग्यांवर पेटते. आजच्या मुठीला कायद्यात जागा हवी असेल तर तिनं महिन्याला ५०० रुपयांच्या बँक सूचनेचं रूप घ्यावं. वर्षाला सहा हजार होतात, आणि ते येणार हे माहीत असल्यामुळे संस्थेला बेत आखता येतो.

नाव न सांगता दिलेल्या दानाचं काय? आपल्या परंपरेत गुप्तदानाचा मान मोठा. कायदा मात्र त्याकडे सावधपणे पाहतो, कारण काळा पैसा पांढरा करायला नावाशिवायची देणगी सोयीची असते. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेलं नाही अशा देणग्या धर्मादाय संस्थेकडे ठरावीक मर्यादेपलीकडे आल्या तर त्यावर ३० टक्के कर लागतो. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढं माफ. धार्मिक संस्थांना हा नियम नाही. मग शिर्डीच्या दानपेटीत रोज पडणाऱ्या नोटांचं काय? तो वाद न्यायालयात गेला. संस्थान केवळ धर्मादाय आहे, असं प्राप्तिकर विभागाचं म्हणणं. ते धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे, असं संस्थानचं म्हणणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संस्थानचं म्हणणं उचलून धरलं आणि दानपेटीतल्या दानावर हा कर लागत नाही असा निर्णय दिला. साध्या वसतिगृहाच्या पेटीला हे संरक्षण नाही. तिथं टाकलेल्या मोठ्या नोटेबरोबर नावाची चिठ्ठी टाकली तर संस्थेचं भलं होतं.

गणेशोत्सवाची वर्गणीही अशीच पारखून घ्यावी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब सादर करावा लागतो. वर्गणी मागायला आलेल्या मुलांना तो परवाना दाखवा म्हणणं यात उद्धटपणा नाही. चांगल्या मंडळाची मुलं तो खिशातून काढून दाखवतात.

खोट्या पावतीची किंमत

ज्या गोष्टीचा मला मनापासून राग आहे ती इथं सांगायलाच हवी. चेकनं एक लाख द्यायचे, संस्थेनं आपला कट कापून उरलेली रक्कम रोखीनं परत करायची आणि पूर्ण लाखाची पावती द्यायची, हा धंदा अनेक वर्षं चालत आला. कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या बाहेर 'रिफंड मिळवून देतो' म्हणणारे दलाल न दिलेल्या देणग्या विवरणपत्रात घालत राहिले. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागानं देशभर अशा विवरणपत्रांवर आणि ती भरणाऱ्या दलालांवर कारवाई केली. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड होतो. दलाल तोवर नामानिराळा झालेला असतो. सही करणारा नोकरदार नोटिशीला उत्तर देत बसतो.

दंडापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. अशी एक बातमी आली की शंभर प्रामाणिक संस्थांच्या दारातली माणसं कमी होतात. खोट्या पावत्यांमुळेच तो ३१ मेचा तक्ता आला आणि पेठेतल्या त्या ताईंचं काम वाढलं. चोराची शिक्षा संन्याशाला भोगावी लागते ती अशी.

शाळेच्या प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या 'डोनेशन'लाही इथं जागा नाही. ज्याच्या बदल्यात काही मिळतं ती देणगी नव्हे. प्रवेशासाठी असा पैसा घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. समाजमाध्यमांवर एखाद्या रुग्णासाठी गोळा होणारी मदत ही आणखी वेगळी गोष्ट. ती माणुसकीनं जरूर द्यावी, पण थेट व्यक्तीच्या खात्यात दिलेल्या पैशावर ८० जी नाही. घेणाऱ्यालाही वर्षात ५० हजारांच्या वर परक्यांकडून आलेला पैसा करपात्र ठरू शकतो. हीच मदत मान्यताप्राप्त न्यासामार्फत किंवा थेट रुग्णालयाच्या बिलात गेली तर दोघांचीही वाट सोपी होते.

परदेशातून गावच्या शाळेसाठी

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी माणसाला गावच्या शाळेला काही द्यावंसं वाटतं. इथं एक भेद लक्षात ठेवायचा. भारताचं पारपत्र अजून हातात असेल तर तो परदेशात राहत असला तरी भारतीय नागरिकच. स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी विदेशी ठरत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मात्र त्याचा पैसा विदेशी देणगी ठरतो. ओसीआय कार्ड असलं आणि पैसे पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिले, तरीही. तो घ्यायला संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा रकमा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच याव्या लागतात. नोंदणी नसताना कौतुकानं घेतलेले पाचशे डॉलर शाळेला अडचणीत आणू शकतात. अमेरिकेतल्या करातली सूट तर तिथं नोंदलेल्या संस्थेला दिलं तरच मिळते. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथल्या मराठी संस्थांनी यासाठी चांगली वाट करून ठेवली आहे.

सवलत गेली तरी

आता या विषयातली सगळ्यात मोठी उलथापालथ. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या प्रणालीत ८० जीची वजावट नाही. २०२५-२६ पासून तर या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे मार्चअखेर पावत्या गोळा करणारा नोकरदार मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणात या सवलतीच्या बाहेर गेला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात तर कलमांचे क्रमांकही बदलतात. '८० जी' हे अक्षर जिभेवर राहील, पुस्तकात नाही.

खजिनदारांना मी याविषयी विचारलं. ते म्हणाले, "फोनवर पहिला प्रश्न 'एटीजी आहे का' हाच असतो. आता आम्ही सांगतो, आहे, पण तुम्हाला लागू पडतं का ते तुमच्या सीएला विचारा. काही जण म्हणतात, मग राहू द्या. काही म्हणतात, असू दे, पैसे पाठवतो."

त्या दुसऱ्या माणसांवर संस्था उभ्या असतात. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं. वेगवेगळ्या सामाजिक संस्था तिथं आपलं काम मांडतात आणि माणसं पितरांच्या नावे देतात. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्या संस्थांच्या नावे धनादेश पाठवतात. भाद्रपदात आर्थिक वर्ष संपत नाही. भाद्रपदात देणारा माणूस कराकडे पाहून देत नाही.

तरीही सवलतीची बाजू मी सोडणार नाही. ती असल्यामुळे लाखो लोकांचा संस्थांशी पहिला परिचय झाला, हिशेबाला शिस्त आली, चेकनं देण्याची सवय लागली. नव्या प्रणालीतही लहान देणगीदारासाठी एक माफक वजावट ठेवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकाची, औषधाची, वृद्धाश्रमातल्या खाटेची सोय लोक स्वतःहून करत असतील तर त्यात समाजानं आपली वाटणी घालणं न्याय्य आहे.

तोवर वाचकांना एवढंच सांगतो. या दिवाळीत एक संस्था निवडा, शक्यतो आपल्या जिल्ह्यातली, जिथं जाऊन पाहता येईल अशी. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर आणि धर्मादाय कार्यालयात तिची नोंद पाहा. पैसे बँकेतून पाठवा, सोबत नाव, पत्ता आणि पॅन कळवा. पावती मागा, आणि सवलत मिळणार नसली तरी मागा. शक्य असेल तर अट घालू नका. मुलांच्या जेवणाला आनंदानं देणाऱ्यांनी ताईंच्या पगाराला आणि विजेच्या बिलालाही आनंदानं द्यावं, कारण त्यांच्याशिवाय ते जेवण शिजत नाही. वर्षानं संस्थेचा अहवाल मागून घ्या आणि ताळेबंद वाचा. हिशेब पटला तर पुन्हा द्या, थोडं वाढवून द्या. नाही पटला तर प्रश्न विचारा, उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था शोधा. देणं मात्र थांबवू नका.